कुठे बसणार ते आधी सांग

पुणे

चि. सोनू,

तुझी यादी आणि घराचे फोटो मिळाले. कपाटांच्या बिजागऱ्या, मुठी, ड्रॉवरचे चॅनल, कड्या, टॉवर बोल्ट, स्क्रू, झोपाळ्याची साखळी, सगळं वेगवेगळं मांडलं आहेस हे छान. पण प्रत्येक ओळीपुढे कॉन्ट्रॅक्टरने एकच शेरा मारलाय: "एस.एस., गंजणार नाही." तू विचारतेस, आत्या, एवढं पुरे ना? पुरे नाही. यादीत वस्तू आहे, नग आहेत, भाव आहे. ती वस्तू घरात कुठे बसणार, तेवढंच नाही. आणि गुहागरच्या घरात सगळं तिथेच अडतं.

माझी सगळी नोकरी भोसरीत, प्लेटिंग शॉपला लागून असलेल्या तपासणीच्या खोलीत गेली हे तुला ठाऊक आहे. तिथे 'हे गंजेल का' असं कोणी विचारत नसे. कशाने, कुठे, किती वेळात, हे विचारायचे. माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं चकचकीत राहिलेली मूठ तुमच्या पडवीत दोन पावसाळे काढेल याची मी हमी देणार नाही, आणि त्यात मुठीचा काही दोष नसेल.

गुहागरचं घर माझं माहेरच, त्यामुळे नकाशा पाठवायची गरज नव्हती. मागच्या दाराने नारळी-पोफळीतून चालत गेलं की पुळण. लाट फुटते तेव्हा बारीक तुषार उडतात, वाऱ्याबरोबर घरात येतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. शुद्ध मिठाला पाणी सुटायला हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला जेमतेम ३३ टक्के पुरते. कोकणात हवा इतकी कोरडी होते कधी? म्हणजे कपाटाच्या मुठीवर बसलेला तो न दिसणारा थर भर उन्हाळ्यातही पुरता सुकत नाही. तिथे धातू बारा महिने खाऱ्या पाण्यातच असतो असं धरून चाल.

आणि एक उलटी गोष्ट. तुला वाटेल, पावसात उघडी पडलेली वस्तू आधी जाईल. साध्या लोखंडाचं तसंच होतं. पण स्टेनलेसच्या बाबतीत बाहेरच्या दाराची कडी पाऊस चार महिने धुऊन काढतो, म्हणून ती बरी राहते. जिथे खारा वारा पोचतो पण पाऊस पोचत नाही, म्हणजे पडवीत पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, खिडकीच्या कप्प्यात, मागच्या दाराच्या वरच्या बिजागरीपाशी, तिथे मीठ साचत जातं आणि तांबूस डाग तिथेच पहिल्यांदा दिसतात. कॉन्ट्रॅक्टर 'आतलं सामान' म्हणून पडवीला हलका माल लावू बघेल. लावू देऊ नकोस.

आता त्या 'एस.एस.'कडे ये.

स्टेनलेस म्हणजे लोखंडच, फक्त त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेलं. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. गिलीट केलेल्या मुठीवरचा मुलामा म्हणजे अंगात घातलेला सदरा, फाटला की फाटला. स्टेनलेसचा पापुद्रा ही त्याची स्वतःची कातडी, खरचटली तर आपली आपण भरून येते. मात्र मिठातलं क्लोराइड ती भरू देत नाही. एखाद्या बारीक जागी पापुद्रा फुटतो, सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो, खड्ड्यातलं पाणी हळूहळू आम्ल होत जातं, आणि मग वरून ठिपक्याएवढा दिसणारा गंज आत आत शिरत राहतो.

हे पोलाद सापडलं त्याची गोष्ट तुला आवडेल. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून क्रोमियमचं प्रमाण बदलत पोलादं करून बघत होता. पोलादाची आतली रचना बघायची तर तुकडा घासून आम्लाला तो हलकेच खाऊ द्यावा लागतो. १२.८ टक्के क्रोमियमचा तुकडा काही केल्या खाल्ला जाईना. मग त्याने व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला, आणि त्याच्या डोक्यात जेवणाच्या सुऱ्या आल्या. गावातल्या सुरीवाल्यांनी आधी नाकंच मुरडली. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या प्रयोगशाळेत क्रोमियमच्या जोडीला निकेल घातलं गेलं, आणि १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल ही जात रुळली. आज बाजार तिला ३०४ म्हणतो. पण लक्षात घे, ब्रेअर्लीने परीक्षा घेतली ती लिंबाच्या रसाने. समुद्राची परीक्षा या पोलादाने दिली ती नंतर, आणि ३०४ तीत काठावर पास होतं.

निकेल महाग. १९५०च्या दशकात अमेरिकेत त्याची टंचाई झाली तेव्हा निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घालून २०१, २०२ या जाती पुढे आल्या. आपल्याकडे निकेल बाहेरूनच आणावं लागतं, म्हणून भारतात हे कुटुंब फारच फोफावलं. बाजारात 'जे फोर' म्हणून जो पत्रा मिळतो त्यात निकेल एखादाच टक्का असतं आणि क्रोमियमही ३०४ पेक्षा कमी. माल वाईट नाही. साताऱ्यात, नाशकात बेडरूमच्या कपाटाला तो खुशाल लाव, तक्रार येणार नाही. पण त्यालाही 'एस.एस.'च म्हणतात, आणि कॉन्ट्रॅक्टर खोटं न बोलता तुला तोच देऊ शकतो.

दुकानदार लोहचुंबक काढून दाखवेल. बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे ३०४! चुंबक चिकटलं नाही याचा अर्थ इतकाच, की हे साधं लोखंड नाही आणि ४३० सारखी निकेल नसलेली जातही नाही. २०२ लाही ते चिकटत नाही. उलट, अस्सल ३०४ चा पत्रा थंडच दाबून वाकवला की वळलेल्या कोपऱ्यावर चुंबक थोडी ओढ घेतं. म्हणून तो माल खोटा ठरत नाही. २०२ आणि ३०४ वेगळे करायचे तर पत्र्यावर तपासणीच्या द्रवाचा थेंब टाकून लहान बॅटरीची तार टेकवतात; मँगनीजवाल्या पत्र्यावर थेंबाचा रंग पालटतो. ही बाटली ज्याच्या गल्ल्याखाली असते आणि जो ती कुरकुर न करता काढतो, त्याच दुकानातून घे. रत्नागिरीत नाही मिळाला असा माणूस, तर पुण्याला ये, बोहरी आळीत आपण दोघी फिरू.

पडवी, मागचं दार आणि समुद्राकडच्या खिडक्या यांना मात्र ३१६ च हवं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच क्लोराइडच्या खड्ड्यांना आवरतं. महाग पडेल, पण तिथे लागणारे नग मोजके आहेत. आणि ३१६ घेतलं म्हणून हात झटकायचे नाहीत. त्यावरही तपकिरी डाग पडू शकतात. तुला आवडलेलं ते मॅट, घासून रेघा काढलेलं फिनिश फोटोत फार सुरेख दिसतं, पण त्या रेघांत मीठ अडकून बसतं. गुळगुळीत पॉलिश केलेलं घे. मॅटच हवं असेल तर निदान रेघा उभ्या असू देत, म्हणजे पुसलेलं पाणी ओघळून जाईल. अधूनमधून गोड्या पाण्यात फडकं भिजवून पुसायचं, मग कोरड्याने. बस्स. लोखंडी तारेच्या घासणीने कधी घासायचं नाही. तारेचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजून मुठीला बदनाम करतात.

वाटीच्या बिजागऱ्यांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ती माझी दुखरी जागा. शटरच्या आत लपणाऱ्या, हळूच मिटणाऱ्या या बिजागऱ्या बहुतेक वेळा साध्या पोलादी पत्र्याच्या असतात आणि वर निकेलचा मुलामा. खोक्यावर 'सॉल्ट स्प्रे ९६ तास' असं ठसठशीत छापलेलं असतं. सॉल्ट स्प्रे चाचणीच्या पेटीशेजारी माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा ती पेटी काय असते ते ऐक. प्लास्टिकची मोठी पेटी, वर उतरतं झाकण, म्हणजे झाकणावर जमलेला थेंब खालच्या नगावर न पडता कडेने ओघळतो. आत ३५ अंश तापमान आणि पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. नग किंचित कलते टांगायचे. कोपऱ्यात नरसाळी ठेवायची, ८० चौरस सेंटिमीटर तोंडावर तासाला एक ते दोन मिलिलिटर पाणी जमलं तर धुकं बरोबर, नाहीतर चाचणी रद्द. सकाळी झाकण उघडलं की चष्म्यावर मिठाचा थर. अमेरिकेत या चाचणीचं प्रमाण १९३९ साली पहिल्यांदा छापलं गेलं आणि आजही जगभर तेच चालतं.

ही चाचणी प्लेटिंगवाल्याने कालच्यासारखंच काम आज केलं का, ते चोख सांगते. घरात किती वर्षं टिकेल, हे ती सांगत नाही. पेटीत ऊन नाही, वाळणं नाही, रात्रीचं दव नाही, हाताचा घाम नाही, फिनाइल नाही. ९६ तासांना अमुक इतकी वर्षं, असा कुठलाही गुणाकार नसतो. कोणी करून दाखवला तर तो विकायला बसलाय असं समज. दोन खोक्यांत निवड करायची असेल तर ९६ वाल्यापेक्षा २४० वालं उजवं, एवढाच त्या आकड्याचा उपयोग.

मुलाम्याची खरी गोम वेगळीच आहे. निकेल आणि क्रोम हे लोखंडापेक्षा टिकाऊ. पण त्यांच्यात टाचणीएवढं छिद्र राहिलं, आणि ते राहतंच, की त्या छिद्राखालचं लोखंड एकट्याने सगळा मार खातं. वरचा चकचकीत थर त्याला वाचवत तर नाहीच, उलट घाई करतो. अशी मूठ उलटी करून बघ: समोरून आरसा, आणि मागच्या खोलगट भागात, जिथे प्लेटिंगच्या टाकीत वीज नीट पोचत नाही म्हणून थर पातळ बसतो, तिथे तांबूस रेघा. जस्ताचा मुलामा याच्या बरोबर उलट. दिसायला गरीब, पण ओरखडा पडला तर आधी स्वतः झिजतो आणि लोखंडाला राखतो. मला विचारशील तर खाऱ्या हवेत चकचकीत क्रोमपेक्षा मळकट जस्त मला जास्त भरवशाचं वाटतं. दाखवायला नको असलेल्या जागी, मोठ्या स्क्रूंना, कंसांना, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला माल मिळाला तर जरूर घे. त्यावरचा थर साध्या झिंक प्लेटिंगच्या कितीतरी पट जाड असतो.

स्टेनलेसच्या वाटीच्या बिजागऱ्या मिळतात, पण घेताना एकेका भागाला चुंबक लावून बघ. पुष्कळदा वाटी आणि दांडा ३०४ चा, आणि आतली पिन, स्प्रिंग, सोबतच्या पुडीतले स्क्रू भलत्याच धातूचे. ३०४ चा शिक्का वाटीवर मारलेला असतो, आणि वाटीपुरता तो खराच असतो.

ड्रॉवरच्या चॅनलबद्दल माझं मत तुला पटणार नाही, तरी लिहिते. बेअरिंगवाला चॅनल म्हणजे पातळ पत्रा, त्यावर झिंकचा पातळ थर, आणि मधे पोलादी गोळ्या त्या थरावरून दिवसातून कितीदा फिरणार. थर घासला गेला की खारी हवा आहेच. तुझ्या आजीच्या फडताळाचे खण अजून सरकतात, ते सागवानी पट्टीवरून. वर्षातून एकदा मेणबत्ती घासली की झालं. गुहागरचा सुतार तुला तसे खण करून देईल, आणि चॅनलपेक्षा स्वस्त पडतील. हळूच मिटणार नाहीत, एवढंच.

आता त्या काळ्या मॅट मुठी. तू इतक्या हौसेने निवडल्यास म्हणून वाईट वाटतं, पण त्या जस्ताच्या आहेत. बाजारातल्या बहुतेक ओतीव मुठी, नॉब आणि तुकडे जोडून उभ्या केलेल्या कपाटांतले फिरकीचे जोड जस्ताच्याच मिश्रधातूचे असतात: जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास हे कुटुंब बाजारात आणलं आणि साच्यात ओतून नक्षीदार वस्तू करणं स्वस्त झालं. अट एकच, जस्त कमालीचं शुद्ध हवं. त्यात शिशाचा अगदी अंशही जास्त गेला तर धातू कणांच्या सांध्यांतून गंजतो, फुगतो, भेगाळतो आणि भुगा होतो. इंग्लंडातल्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी मोटारी, ज्या हौशी लोक जपून ठेवतात, त्यांतल्या कित्येक कपाटात ठेवल्या जागी अशाच फुटल्या आहेत. भंगार जस्त वितळवून ओतलेल्या मुठीचंही तेच होणार. वरच्या रंगाखाली फोड आले आणि फोडाखाली पांढरी पूड निघाली की समज.

जस्ताला मी कमी लेखत नाही हो. उदयपूरजवळ जावरला आपल्या लोकांनी मातीच्या मुशींत, एकेका भट्टीत छत्तीस मुशी लावून, जस्ताची वाफ खाली थंड करून ते मिळवलं, आणि इंग्लंडात विल्यम चॅम्पियनला तसं पेटंट मिळालं ते १७३८ साली. बीदरची बिदरी भांडी जस्ताचीच, थोडं तांबं घातलेली, किल्ल्यातली माती लावून काळी केलेली. काळं आणि मॅट हवं असेल तर त्याहून देखणं काय असणार! पण बिदरीचा हुक्का दिवाणखान्यात मांडतात, समुद्राकडच्या दाराला ठोकत नाहीत. त्या मुठी माजघरातल्या कपाटांना लाव. तिथे त्या सुखाने राहतील.

पितळ. हे ऐकायचीच तू वाट बघत असशील. हो, तुझ्या घराला पितळच शोभेल आणि टिकेलही. तांबं आणि जस्त, लेथवर फिरवायच्या मालात चिमूटभर शिसं. हवेत ते काळवंडतं, हिरवट होतं. खारा वारा त्याला कुरूप करेल, पण मोडकळीला आणायला त्याला फार वर्षं लागतील. जामनगर, मुरादाबाद, अलीगढ या गावांचं पोट त्यावर चालतं, माल हवा तसा मिळेल. दोन खोड्या तेवढ्या माहीत असू देत. पहिली अशी, की सतत ओल्या मिठात राहिलेल्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. वस्तू आकाराने तशीच, फक्त गुलाबी डाग. स्क्रू पिळायला गेलं की डोकं हातात. म्हणून न्हाणीघरात पाण्याजवळ कमी जस्ताचं पितळ किंवा कासं घ्यावं.

दुसरी खोडी थेट आपल्या हवेशी जोडलेली आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवून ठेवत. पितळी पुंगळ्या, वर गोळी बसवताना कडेने आवळलेल्या. पावसाळा सरताना बघावं तर पुष्कळ पुंगळ्या उभ्या चिरलेल्या. कोणी हात लावला नव्हता. कारण नीट उलगडलं ते १९२१ साली: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि दाबून आकार दिलेल्या पितळेत आधीच दडलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आता आपला गोठा आठव. न्हाणीघराच्या भिंतीला लागूनच ना? दादा अजून दोन म्हशी बाळगतो ना? त्या बाजूच्या दाराला पत्रा दाबून केलेली, पोकळ पितळी मूठ नको. ओतीव, भरीव कडी चालेल. ओतताना धातू सैल थंड होतो, ताण फारसा राहत नाही. आणि काचा पुसायचा अमोनियावाला निळा द्रव पितळेवर मारू नकोस. चिंच आहे घरात.

सोनेरी रंगाचं जे 'पीव्हीडी' दाखवतील ते पितळ नव्हे, बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा अत्यंत पातळ, अत्यंत कठीण थर. घासून जात नाही, खरंच चांगला असतो. पण खाली काय आहे ते विचार. ३०४ किंवा ३१६ असेल तर घे, जस्त असेल तर राहू दे.

आता जे यादीत कोणीच लिहीत नाही ते. एकाच सांध्यात दोन धातू. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मढवला, समुद्री किडे लाकूड पोखरू नयेत म्हणून. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं. १७६३ मध्ये तळ तपासला तर पत्रा बऱ्याच जागी निखळलेला, कारण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार विरघळले होते. गंमत अशी की काही खिळे धडधाकट निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या जागी काढायचा राहून गेला होता. लोखंड आणि तांबं एकमेकांना शिवलंच नव्हतं. खारं पाणी आणि दोन धातू एकमेकांना टेकले की विजेची घटमाला तयार होते, आणि त्यातला जो हलका तो झिजतो. हलका धातू आकाराने लहान आणि भारी धातू मोठा असेल तर झीज फार वेगाने होते, कारण सगळा भार त्या लहानावर. पत्रा मोठा, खिळा लहान.

तुझ्या यादीत नेमकं हेच आहे बघ: पितळी बिजागऱ्या, आणि खाली 'स्क्रू, झिंक प्लेटेड, दोन पाकिटं'. 'अलार्म'चीच चूक पडवीत. बिजागरी शाबूत राहील आणि तिला धरणारे स्क्रू आधी संपतील. पितळेला पितळी स्क्रू, ३१६ ला ३१६ चे. ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टेनलेसचा स्क्रू लावावाच लागला तर मधे नायलॉनचा वॉशर. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात पिळताना मोडतो. सुताराला सांग, आधी गिरमिटाने भोक पाड, तशाच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढ, मग पितळी बसव. जुने सुतार हे न सांगता करायचे.

झोपाळा याच कारणासाठी आधी उतरव. साखळी पितळेची, ओतीव, हत्ती-मोरांची, तिला काही होत नाही. फक्त दोन कड्या जिथे एकमेकींत घासतात तिथे किती झिजल्या ते बघ. माझं लक्ष वर आहे. तुळईतला हुक लोखंडी आहे आणि पितळेची कडी त्यात जन्मभर लटकलेली. त्या हुकाचा जो भाग दिसतो त्यावर आजोबा दर वर्षी रंग देत. तुळईत घुसलेला भाग कोणी पाहिलेला नाही. लाकडाची ओल, समुद्राचं मीठ, वर पितळेचा शेजार. तो काढून हातात घेतल्याशिवाय पोरांना झोपाळ्यावर बसू देऊ नकोस. नवा घालायचा तर ३१६ चा, आरपार, वर मोठी चकती आणि नट.

लाकडाचं थोडक्यात. साग धातूशी सलोख्याने राहतो. ऐन, खैर, बाभूळ यांत टॅनिन भरपूर. ओल्या ऐनात लोखंडी खिळा मारला की भोवती शाईसारखं काळं पसरतं आणि ते कशाने जात नाही. वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड किंवा प्लायवुड वापरत असाल तर त्यात झिंक प्लेटेड स्क्रू नको, स्टेनलेसच.

जुन्या दारांचे लोखंडी कडी-कोयंडे काढून टाकायचे असं फोटोखाली लिहिलंस. का? हाताने ठोकलेलं जाड लोखंड आहे ते, आणि कोळशाच्या भट्टीतल्या जुन्या लोखंडात अनेकदा फॉस्फरस जास्त राहायचा. दिल्लीचा तो सोळाशे वर्षांचा स्तंभ अजून उभा आहे त्यात फॉस्फरसचा मोठा वाटा, हे कानपूरच्या आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं. तिथल्या कोरड्या हवेचाही वाटा आहेच. आपले कोयंडे काही तितके थोर नसतील. पण गंज खरवडून गरम करून जवसाचं तेल पाजलंस तर नव्या कुठल्याही टॉवर बोल्टच्या आधी ते हरणार नाहीत.

शेवटचं, आणि हे कॉन्ट्रॅक्टरला लेखी दे. टाइल्स बसवल्या की गवंडी सांध्यांवरचं सिमेंट काढायला ॲसिडने फरशी धुतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. बंद खोलीत त्याची वाफ एक रात्र राहिली तर ३१६ सुद्धा सकाळी तपकिरी दिसेल, आणि मग दुकानदार तुझ्याशी भांडेल, तू दुकानदाराशी. ॲल्युमिनियमचं याच्या उलट: त्याला ओल्या सिमेंटचा, चुन्याचा शिंतोडा डसतो आणि पांढरा चट्टा कायमचा राहतो. म्हणून गिलावा होईपर्यंत खिडक्यांच्या चौकटींना प्लास्टिक गुंडाळलेलं असू दे. फरशी धुवून, भरपूर पाणी मारून, दारंखिडक्या चार दिवस उघडी राहिली की मग सुताराने मुठी-बिजागऱ्यांची खोकी फोडायची. तोवर ती न्हाणीघरात रचून ठेवायची नाहीत, माडीवर ठेवा. घर राहतं झाल्यावर न्हाणीघराच्या कपाटात संडास धुवायच्या ॲसिडची बाटली ठेवायचीही तीच बंदी. बूच कितीही घट्ट लावलं तरी आतली बिजागरी सांगून देते. बाटली बाहेर, मोरीपाशी.

दादाला आणि वहिनीला सांगणे की मी गणपतीला येते.

तुझी,
आत्या